बारा वाजताची गोळी

ताई, सप्रेम नमस्कार. मी 41 वर्षांची, सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. अडीच वर्षांपूर्वी उजवा खांदा आखडला. फ्रोजन शोल्डर म्हणून दीड वर्ष शेक आणि व्यायाम झाले. मग अंगठा थरथरायला लागला, अक्षर मुंगीएवढं झालं, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं. ‘कमी वयातला’ म्हणाले. सकाळी सातला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सिंडोपा आहे, रात्री प्रामिपेक्सोल. नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. सासूबाई म्हणजे माझ्या सख्ख्या आत्या. त्यांना वाटतं अशक्तपणा आहे, म्हणून रोज दुधातून कवचबीजाचं चूर्ण देतात. शाळेत कळलं तर नोकरी जाईल अशी भीती वाटते. बाराची गोळी सगळ्यांसमोर घेता येत नाही, म्हणून घरी येऊन साडेपाचला घेते. तीननंतर हात जड होतो, खडू धरवत नाही. मुलं विचारतात, बाई रागावलात का? मुलगी 14 वर्षांची आहे. तिलाही होईल का? उद्या तिच्या लग्नाचं काय? मेंदूत वायर घालून ऑपरेशन करतात म्हणे, ते करून टाकू का? (हल्ली रात्री झोप येत नाही, मोबाइलवर साड्या मागवत बसते. तीन महिन्यांत 17 झाल्या. घरात भांडणं होतात. माझी मलाच लाज वाटते.)
— एक शिक्षिका

ताई,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, कंसात लिहिली आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

17 साड्या ही तुमची उधळपट्टी नाही आणि तुमचा स्वभावही बिघडलेला नाही. तुम्ही रात्री जी प्रामिपेक्सोल घेता, ती मेंदूत डोपामिनसारखं, म्हणजे या आजारात कमी पडणाऱ्या रसायनासारखं, काम करणारी गोळी आहे. डोपामिन नुसते हातपाय हलवत नाही. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, ती मिळवायची घाई होणं, मिळाल्यावर बरं वाटणं, यातही त्याचा हात असतो. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांची ही ‘हवंय’ची कळ दाबलेलीच राहते. कुणी खरेदी करत सुटतं, कुणी जुगाराला लागतं, कुणी रात्री उठून डबे पालथे घालतं. कुणाची शरीरसुखाची इच्छा इतकी वाढते की जोडीदार गांगरून जातो. कमी वयात पार्किन्सन्स झालेल्यांना हा धोका जास्त असतो. औषधाच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं, पण ते पत्रक आपण खोक्याबरोबरच टाकून देतो. बाहेर चाळीस पेशंट ताटकळत असताना डॉक्टरही ‘हल्ली खरेदी वाढलीय का हो?’ असं विचारत नाहीत. आणि पेशंट लाजेपोटी बोलत नाही.

तेव्हा पुढच्या तारखेची वाट पाहू नका. उद्याच डॉक्टरांना फोन करा आणि आकडा सांगा: तीन महिने, 17 साड्या, रात्रीची झोप नाही. ते गोळी कमी करतील किंवा बदलतील, आणि बहुतेकांचं हे वेड त्यानंतर ओसरतं. मात्र तुमच्या मनानं गोळी बंद करू नका. ही गोळी एकदम थांबवली तर जीव कासावीस होतो, मन खचतं, काहींना फार त्रास होतो. हळूहळू उतरवायची असते. तोवर रात्री नऊनंतर मोबाइल नवऱ्याच्या उशाला राहू दे, आणि खरेदीच्या ॲपमधून कार्डाची माहिती काढून टाका. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या. भांडण साड्यांवरून होतंय, पण त्या साड्या गोळीनं मागवल्या आहेत, हे त्यांना कळलं पाहिजे.

याच गोळीनं काहींना दिवसा, कसलीही पूर्वसूचना न देता झोप लागते. शाळेला स्कूटीनं जात असाल आणि बसल्याबसल्या डोळा लागल्याचं एकदाही झालं असेल, तर डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत स्कूटी लावून ठेवा. एसटीनं जा, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून जा.

आता बाराची गोळी.

तीननंतर खडू धरवत नाही, म्हणजे आजार वाढला, असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतं. मला तसं वाटत नाही. सकाळी सातला घेतलेल्या गोळीच्या जिवावर तुम्ही साडेपाचपर्यंत दिवस रेटताय. सिंडोपातलं मुख्य औषध, लेव्होडोपा, रक्तात फार वेळ टिकत नाही, दीडेक तासात निम्मी उतरते. पुढे मेंदूतल्या उरलेल्या पेशी ती साठवून पुरवून पुरवून वापरतात, म्हणून तिचा परिणाम काही तास राहतो. पण साडेदहा तास नाही. डॉक्टरांनी बारा ही वेळ उगाच लिहिली नव्हती. तुमचा हात तीनला जड होतोय तो बहुधा एका चुकलेल्या गोळीमुळे. दोन आठवडे बाराची गोळी बाराला घ्या, आणि मग पाहा दुपारचं अक्षर कसं येतं ते.

आणि गोळी बाराला घ्यायची तर शाळेत घ्यावी लागेल, कुणाच्या तरी डोळ्यांसमोर घ्यावी लागेल. तुमचे दोन प्रश्न, दुपारचा हात आणि शाळेत सांगायचं की नाही, हे मला वेगळे दिसतच नाहीत. लपवण्याची किंमत तुम्ही रोज दुपारी मोजताय.

माझ्या थोरल्या भावाला 43 व्या वर्षी पार्किन्सन्स झाला. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. केसासारखी तांब्याची तार बोटांनी खाचेत बसवायची, एक वेढा चुकला की सगळं उसवायचं, असं काम. दोन वर्षं त्यानं बायकोशिवाय कुणाला सांगितलं नाही. डावा हात कायम खिशात. गिऱ्हाईक समोर असलं की मोटार उघडायचीच नाही, ‘उद्या या’ म्हणायचं. कुणी पाहतंय म्हटलं की कंप वाढतो. आणि कंप वाढेल या धास्तीनं आणखी वाढतो. पाय ओढत चालायचा, बोलणं जरा अडखळतं, चेहरा मख्ख. बाजारात काय पसरलं? शेट दुपारपासूनच घेतात. आयुष्यात कधी थेंबाला न शिवलेला माणूस. ते कानावर आलं त्या दिवशी संध्याकाळी शटर अर्धं ओढून दादा आत बसला होता. मी गेले तेव्हा त्यानं पहिल्यांदा दोन्ही हात माझ्यासमोर काउंटरवर ठेवले. डाव्या हाताखाली पावतीपुस्तक होतं, ते टकटक वाजत होतं. ‘बघ,’ म्हणाला, ‘हे लपवायला मी दिवसभर जेवढी ताकद लावतो ना, तेवढ्यात दोन मोटारी भरून होतील.’

त्यानं मग सांगितलं. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. पण दारूची बोलणी थांबली. तार आता हाताखालचा मुलगा भरतो. बिघाड ओळखणं आणि भाव सांगणं दादाकडे. आज तो 57 वर्षांचा आहे आणि दुकान चालू आहे.

हॉलिवूडचे नट मायकल जे. फॉक्स यांना 1991 मध्ये, 29 व्या वर्षी निदान झालं आणि त्यांनी ते जाहीर केलं 1998 मध्ये. सात वर्षं कॅमेऱ्यासमोर ते थरथरणारा हात काहीतरी धरून दडवायचे. तेव्हा लपवावंसं वाटणं यात तुमचं काही चुकलेलं नाही. फक्त ते किती दिवस परवडतं, एवढाच प्रश्न आहे.

नोकरीची भीती मात्र तुम्ही मनातून काढू शकता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं दिली आहेत आणि त्यात पार्किन्सन्सचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या कायद्याचं कलम 20 असं सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. सध्याचं काम झेपेनासं झालं तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा पदावर ठेवावं लागतं. जिल्हा परिषद यात येते. खाजगी कंपनीतल्या बाईला मी इतक्या ठामपणे हे सांगू शकले नसते. तुम्हाला सांगते. आणि तुम्ही त्या टप्प्याच्या जवळपासही नाही, तुमचा फक्त दुपारचा खडू अडलाय.

सगळ्या गावाला सांगा असं माझं म्हणणं नाही. तुमच्या जागी मी असते तर आधी मुलीला, मग आत्यांना, मग मुख्याध्यापकांना सांगितलं असतं. स्टाफरूमला शेवटी, किंवा मुख्याध्यापकांनाच सांगू दिलं असतं. मुख्याध्यापकांकडे जाताना रडत जाऊ नका आणि माफीही मागू नका. नेमकं मागणं घेऊन जा: बाराला दोन मिनिटं, फळ्यावरचं लिखाण सकाळच्या तासांना, दुपारी वाचन, पाढे, परिसर अभ्यास. पोषण आहाराच्या नोंदी आणि रजिस्टरं दुसऱ्या कुणाकडे, त्या बदल्यात त्यांचं एखादं तोंडी काम तुमच्याकडे. डॉक्टरांचं पत्र सोबत असू द्या.

वर्गातल्या मुलांचा प्रश्न तर मला फार बोलका वाटला. ‘बाई रागावलात का?’ या आजारात चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. मनात हसू असतं, ते गालापर्यंत पोचत नाही. मुलांना चेहराच दिसतो, त्यांनी दुसरं काय समजावं? त्यांना सांगा: माझा चेहरा जरा हळू हसतो, मी रागावलेली नसते, रागावले तर तोंडानं सांगेन. आठ-नऊ वर्षांची मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात. घंटा देणाऱ्या मुलाला बाराच्या गोळीची आठवण करायचं काम द्या. तो एक दिवस चुकणार नाही.

मुलीबद्दल. 14 वर्षांच्या मुलीला घरात काहीतरी लपवलं जातंय हे कळलेलं असतंच. ती तुमच्या आजारापेक्षा भयंकर काहीतरी मनात धरून बसली असेल. तिला सांगायला वेगळी बैठक नको. तुम्ही तिची वेणी घालत असाल, तर बोटं अडखळतात त्या जागी थांबा आणि तिथेच सांगा. यानं माणूस लगेच मरत नाही, गोळीनं बरंच सावरतं, आणि मला तुझी मदत कधी लागली तर मी मागेन. बस्स. तिला तुमची परिचारिका करू नका.

तिला होईल का? पार्किन्सन्स बहुतेकांमध्ये सरळ आईकडून मुलीकडे येत नाही. कमी वयात होणाऱ्यांपैकी काहींमध्ये जनुकातला दोष सापडतो, त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा म्हणजे पार्किन नावाच्या जनुकातला. तो 1998 मध्ये जपानी संशोधकांनी शोधला. तो आजार व्हायला दोषी प्रत आई आणि वडील दोघांकडून यावी लागते. एकच प्रत आली तर माणूस सहसा आयुष्यभर ठणठणीत राहतो. परक्या घरात लग्न झालं असतं तर मी इथेच विषय संपवला असता. पण तुमचे पती तुमचे आतेभाऊ, दोघांचे एक आजी-आजोबा सारखे. मामाची मुलगी करायची आपल्याकडे रीतच आहे. त्यामुळे तुमच्यात हा दोष निघाला तर त्यांच्याकडेही त्याची प्रत असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. म्हणून एकदा जनुकीय समुपदेशकाला भेटा. आधी तुमचं रक्त तपासायचं. तिथे काही निघालंच नाही, आणि अनेकांचं निघत नाही, तर पतींच्या तपासणीचा प्रश्न राहत नाही. मुलीची तपासणी मात्र आता नको. आजार टाळायचं औषध आज कुणाकडे नाही, मग एवढ्या लहान पोरीच्या डोक्यावर हा कागद कशाला? तो निर्णय मोठी झाल्यावर तिचा. लग्नाची काळजी तर आत्ता करूच नका. तिची दहावी व्हायची आहे.

आत्यांचं चूर्ण. कवचबीज, म्हणजे खाजकुइलीचं बी, हे काही थोतांड नाही. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, तुमच्या गोळीत असतं तेच. म्हणूनच ते गोळीच्या वर घेणं धोक्याचं. चमच्यात किती आलं हे कुणाला माहीत? डॉक्टर एका मापानं औषध बसवतात आणि घरून न मोजलेलं दुसरं जातं. मग मळमळ, चक्कर, नाहीतर अंग आपोआप वळवळायला लागणं, आणि हे कशानं होतंय ते कुणालाच उमगत नाही. आत्यांना हे सांगितलंत तर त्यांचा अपमान होणार नाही. त्यांनी बरोबर बी निवडलं, फक्त मोजमाप डॉक्टरांकडे आहे. आणि डॉक्टरांना चूर्णाबद्दल आजवर सांगितलं नसेल तर उद्याच्या फोनवर तेही सांगा.

दूध आणि गोळी एकत्र नकोतच. दुधातली, डाळीतली, अंड्यातली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आत शिरताना एकाच दारातून जातात, गर्दीत गोळी मागे राहते. म्हणून गोळी नुसत्या पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास तरी. तुमचा डबा एकला असेल तर बारा ही वेळ उत्तमच आहे. यासाठी डाळ-उसळ सोडू नका, अंगात ताकद लागणार आहे. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा.

एक साधी वही करा. गोळी कधी घेतली, हात कधी सुटला, कधी जड झाला, आणि पाळीचे दिवस. पाळीच्या आधी आणि त्या दिवसांत गोळी नीट लागू पडत नाही, असं अनेक बायकांना जाणवतं. पण हा म्हाताऱ्या पुरुषांचाच आजार समजून कुणी ते विचारत नाही. तुम्ही वही समोर ठेवलीत की विचारावंच लागेल.

ऑपरेशन, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, आत्ता नाही. ते होतं, चांगलं होतं, मुंबई-पुण्यातही होतं, खर्च लाखांत जातो. पण ते आजार बरा करत नाही. काही वर्षांनी गोळीचा परिणाम कमी-जास्त व्हायला लागला, अंग वळवळायला लागलं, तर तेव्हा त्याचा विचार करायचा. तुमची बाराची गोळीच अजून पोटात गेलेली नाही.

पैसे न लागणारं औषध एकच, व्यायाम. रमतगमत नव्हे, धाप लागेल, घाम येईल असा, आठवड्यातले बहुतेक दिवस. हात मुद्दाम मोठे हलवत चाला. शाळेत प्रार्थना तुम्ही सांगत असाल तर खड्या आवाजात सांगा, कारण आवाजही बारीक होत जातो आणि आपल्याला ते ऐकू येत नाही. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स असलेल्यांना नाच शिकवायला घेतलं, ते याचसाठी. तालावर पाऊल पडतं. एरवी अडणारा पाय तालाला अडत नाही. तुम्हाला पुणं लांब आहे, पण पोरांबरोबर लेझीम तर आहे ना? पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाशी संपर्क करा. आजार असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी चालवलेला गट आहे, आणि तिथे सगळं मराठीत बोलता येतं.

एक चिठ्ठी पर्समध्ये कायम ठेवा. ‘मला पार्किन्सन्स आहे. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन देऊ नये.’ पेरिनॉर्म आणि स्टेमेटिल ही त्यांची दुकानातली नावं. गावात उलटी झाली की पहिलं इंजेक्शन बहुधा पेरिनॉर्मचंच पडतं, आणि ते डोपामिनच अडवतं. चक्करेसाठी सर्रास मिळणाऱ्या सिनारिझिनपासूनही लांब राहा. डॉक्टरांकडून हे एकदा खात्री करून त्यांच्या लेटरहेडवरच लिहून घ्या.

तर उद्या सकाळी फोन: साड्या, झोप, चूर्ण. शनिवारी मुलीची वेणी. सोमवारी स्टीलची एक छोटी डबी आणि पाण्याची बाटली तुमच्या टेबलावर, हजेरीपटाशेजारी, उघडी. दोन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा, आणि ते पत्र दुपारी साडेतीनला, हातानं लिहा. मला तुमचं अक्षर बघायचं आहे.